नांगर विकणारे मासिक

शहापूर-मुरबाडच्या बाजारात पावसाळ्याच्या तोंडी खते-बियाण्यांच्या दुकानांतून दोन तऱ्हेची छापील पत्रके मिळतात. एकावर पोत्याचे रंगीत चित्र असते आणि वर 'सर्वांत उत्तम' असे ठसठशीत लिहिलेले असते. त्याचा उपयोग घरी चूल पेटविण्यास होतो. दुसऱ्यावर रोपे किती दिवसांची झाली म्हणजे लावणी करावी, चिखलणीला कोणते खत द्यावे, करपा पानावर कसा ओळखावा, असे दिलेले असते. मालाचे नाव तळाशी बारीक अक्षरांत असते. हे पत्रक कुडाच्या भिंतीत खोचून ठेवले जाते, आणि पुढच्या वर्षी शेतकरी दुकानात त्याच कंपनीचे नाव घेतो. कंपन्या लेखनावर पैसा का घालतात, त्याचे मर्म ह्या दोन कागदांत आहे. आज कागदाच्या जोडीला मोबाइलचा पडदा आला आहे, एवढाच काय तो फरक.

ही युक्ती आपल्याकडे परदेशातून आयात झाली असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात तिचा फार मोठा नमुना होऊन गेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, पण खपेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत. आता ह्या समजुतीवर किंमत उतरवून काय उपयोग? नांगर फुकट दिला तरी जमिनीला विष चढणार ते चढणारच! येथे माणसाचे मन वळवावयास हवे होते. पुढे 1910 मध्ये कारखाना औंध संस्थानात आला, किर्लोस्करवाडी वसली, आणि 1920 साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. नावाप्रमाणे ती प्रथम कारखान्याचीच खबर होती: यंत्रांची माहिती, वाडीतील हालहवाल. पण शंकरराव स्वतः चित्रकार, रसिक माणूस. नुसत्या नांगराच्या गोष्टी लोक किती दिवस ऐकतील, हे त्यांनी ओळखले. पत्रात उद्योगी माणसांची चरित्रे आली, कथा आल्या, निबंध आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध पुढे त्यातच छापून आले. नावातली 'खबर' गळाली आणि 'किर्लोस्कर' हे मराठीतले एक प्रमुख मासिक झाले. 1930 मध्ये 'स्त्री' निघाले, 1934 मध्ये 'मनोहर'.

नांगराचा आणि 'स्त्री' मासिकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. पण ज्या घरात नांगर जाणार नव्हता, त्या घराच्या माजघरात आणि स्वयंपाकघरात कारखान्याचे नाव गेले. शिवाय जाहिरात ऐकवावयाची तर मालकाला पैसे मोजावे लागतात. येथे वाचक वर्गणी भरून ते नाव दर महिन्याला घरी आणू लागला. मी कामगारांत काम करणारा माणूस, मालकांची भलावण करण्यास उभा नाही. पण वाचकाला जे उपयोगाचे ते आधी द्यावे आणि आपले नाव मागे ठेवावे, हा धडा तेथून कोणीही घ्यावा.

अमेरिकेत नांगर करणाऱ्या जॉन डीअर कंपनीने 1895 सालीच 'द फरो' नावाचे शेतकऱ्यांचे पत्र काढले होते, ते अजून चालू आहे. फरो म्हणजे नांगराचा तास. फ्रान्समध्ये मिशेलिन ह्या टायरवाल्यांनी 1900 साली मोटार हाकणाऱ्यांसाठी वाटाड्या पुस्तक काढले. लोकांनी लांब लांब हिंडावे म्हणजे टायर झिजतील, हा हिशेब!

आता ह्यातून धंद्याच्या मोलात भर पडते म्हणजे नेमके काय होते? कारखान्याचे मोल नुसत्या यंत्रांत आणि इमारतीत नसते. त्याच्या नावावर लोकांचा विश्वास असतो. हिशेबनीस त्याला 'गुडविल' म्हणतात, आपण पत म्हणू. ह्या पतीची गंमत अशी की, कंपनीने ती स्वतः कमावली असेल तर ताळेबंदात तिला स्थान नसते. पण तोच धंदा दुसऱ्याने विकत घेतला की, मालमत्तेच्या किमतीवर जे अधिक पैसे मोजले जातात, ते 'गुडविल' म्हणून घेणाऱ्याच्या वहीत रुजू होतात. उलट लेखनाचा, छपाईचा खर्च मात्र दरवर्षी नफ्यातून वजा होतो. 1965 च्या बोनस कायद्यात, जो आता वेतनसंहितेत सामावला आहे, किमान बोनस 8.33 टक्के आणि कमाल 20 टक्के ठरला होता, आणि नफा मोजताना भांडवली जमा वगळावयाची होती. म्हणजे पत वाढविण्याचा खर्च बोनसच्या हिशेबाआधीच गेला, आणि त्या पतीचे फळ पैशांत उतरले तेव्हा ते बोनसच्या हिशेबात आलेच नाही. ज्या नांगराच्या भरवशावर ते लेखन उभे होते, तो नांगर ओतणाऱ्याचा वाटा कोठे धरला?

कारखान्याच्या गृहपत्रिकेत न लिहिलेलेही वाचता आले पाहिजे. आमच्या भागातील एका कारखान्याच्या पत्रिकेत स्वच्छ उपाहारगृहाचे मोठे छायाचित्र होते. नाव घेत नाही. ठेकेदाराच्या माणसांना त्या उपाहारगृहात बसण्याची परवानगी नव्हती; ते शेडच्या मागे डबा खात. छायाचित्र खोटे नव्हते. ते फक्त अर्धे होते. आणि ते डबा खाणारे ह्याच गावांतले असल्याने शहापूर-मुरबाडच्या घराघरांत दुसरा अर्धा भाग ठाऊक होता. मुंबईच्या गिऱ्हाइकाजवळ पत वाढली असेल. येथे ती त्याच पानाने उतरली.

लेखनातून पत उभी करणे ही मालकांचीच मिरास नव्हे. ठाण्यात 1848 साली जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1880 पासून 'दीनबंधु' चालविला, 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्यांच्याजवळ विकण्यास माल नव्हता. कामगारांची गाऱ्हाणी छापणारे पत्र होते.

आता एक कामाची गोष्ट. शेअरबाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून सेबीच्या नियमाने आपल्या जबाबदारीचा एक अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. त्यात कायम कामगार किती, कायम नसलेले किती, अपघात किती झाले, कामगारांच्या तक्रारी किती आल्या, हे आकडे द्यावे लागतात. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखाना अशा कंपनीचा असेल, तर आपल्या मुलांना मोबाइलवर तो अहवाल काढून दाखवावयास सांगा. आकडे साऱ्या कंपनीचे मिळून असतात, एका कारखान्याचे नव्हेत. म्हणून आपल्या फाटकातून आत जाणारी माणसे आपणच मोजून शेजारी लिहावी लागतात. अहवालात ते पान बरेच मागे असते, झाडे लावण्याची आणि दप्तरे वाटण्याची चित्रे संपल्यावर.