किलिमांजारोला निघण्यापूर्वी

क्वात्र बोर्नच्या रविवारच्या बाजारात लोकरीचे जाड हातमोजे मागितले की विकणारी बाई आधी आपल्या तोंडाकडे पाहते. "फ्रान्सला चाललात का?" तिने आम्हांस विचारले. आम्ही म्हणालो, "नाही, आफ्रिकेला." त्यावर ती इतकी हसली की शेजारचे दोन दुकानदारही हसू लागले. तिचे तरी काय चुकले? आफ्रिका म्हटली की ऊन, धूळ आणि सिंह हेच डोळ्यांपुढे येतात. पण विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या तीन अंशांवर, टांझानिया देशात, किलिमांजारो पर्वत उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर बर्फ आहे. उंची ५,८९५ मीटर. आपल्या बेटावरचा सर्वांत उंच डोंगर, पितों दे ला पेतित रिव्हियेर न्वार, ८२८ मीटरांचा. असे सात डोंगर एकावर एक रचले तरी किलिमांजारोचा माथा थोडा वर उरतोच.

येत्या जुलैअखेरीस आमच्या नातलगांपैकी सातजण तिकडे निघाले आहेत. ही बातमी पसरल्यापासून व्हाक्वापासून कास्काव्हेलपर्यंत अनेकांनी विचारले, "तयारी कशी करावी? सामान काय न्यावे?" सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे तो एवढ्यासाठीच की २०२४ सालच्या जुलैत आम्ही एकदा गेलो होतो आणि तयारीत चुकलो होतो. ती चूक आमच्या धाकट्या काकांना जवळजवळ भोवली.

चूक दिवसांची होती. किलिमांजारोवर जाण्याच्या अनेक वाटा आहेत. मारांगूच्या वाटेवर रात्री लाकडी झोपड्यांत काढता येतात. माचामे, लेमोशो, रोंगाई या वाटांवर तंबू. आमच्या आजीने "तंबूत झोपायचे नाही" असे बजावल्यामुळे आम्ही मारांगू निवडली. तिचे मुक्काम तीन : २,७२० मीटरांवर मंडारा, ३,७२० वर होरोंबो आणि ४,७२० वर किबो. पाहिलेत ना, दर दिवशी नेमके एक हजार मीटर! ही चढण पाच दिवसांत उरकता येते, किंवा होरोंबोस एक दिवस जादा थांबून सहा दिवसांत. उद्यानाचे शुल्क दररोजचे आणि डॉलरांत असते, तेव्हा एक दिवस कमी केला म्हणजे माणशी बरीच रक्कम वाचते. आम्ही ती वाचवली.

काकांचे वय तेव्हा ५८. साखरेच्या विकारावर गोळ्या चालू, पण रोज पहाटे कांदोसच्या टेकडीवर फेऱ्या मारणारा माणूस. आम्हां सहाजणांत दमसास त्यांचाच जास्त. होरोंबोला रात्री त्यांचे डोके ठणकत होते. ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मावेंझी आणि किबो या दोन शिखरांमधले ते ओसाड पठार ओलांडताना त्यांनी एका दगडाआड उलटी केली आणि तोंड पुसून पुढे चालू लागले. किबोच्या झोपडीशी पोहोचलो तेव्हा ते झोकांड्या खात होते. आमचा वाटाड्या चाग्गा जमातीचा, पन्नाशीचा गृहस्थ. तो त्यांना "बाबू" म्हणायचा आणि आम्हांस हसू यायचे. पण स्वाहिली भाषेत बाबू म्हणजे आजोबा. त्याने मातीत काठीने सरळ रेघ ओढली आणि म्हणाला, "बाबू, पावलापुढे पाऊल ठेवून या रेघेवरून चला." काकांना दोन पावलेही धड टाकता आली नाहीत.

वाटाड्याने क्षणाचाही विचार केला नाही. अंधार पडत होता, थंडी वाढत होती, तरी एका चाकाच्या डोलीवर त्यांना बांधून तो, दोन हमाल आणि आम्ही तशीच उतरंड धरली. होरोंबोचे दिवे दिसू लागले तेव्हा काकांची जीभ मोकळी झाली. पहिले वाक्य ते हे बोलले : "तुमचे सर्वांचे पैसे वाया जातील म्हणून मी सांगितले नाही रे." त्या रात्री आमच्यापैकी दोघे माथ्यावर पोहोचले, दोघे अर्ध्या वाटेवरून परतले. आम्ही मात्र तो बर्फ अजून दुरूनच पाहिलेला आहे.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो, म्हणून एका श्वासात प्राणवायूही निम्माच मिळतो. शरीराला याची सवय होते, पण तिच्या स्वतःच्या वेळाने. तरुण, धट्टाकट्टा, रोज धावणारा यांनाही सवलत नाही. उलट तेच घाई करतात आणि आधी आडवे होतात. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे ही पहिली सूचना. ती असताना वर चढायचे नाही. तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागली व खोकला थांबेना, तर मेंदूत वा फुप्फुसांत पाणी साचू लागले असे समजावे. त्यावर खरे औषध एकच : ताबडतोब खाली. सकाळची वाट पाहू नये. डायमॉक्स नावाची गोळी पुष्कळजण घेतात आणि तिचा उपयोगही होतो, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः ज्यांना सल्फाची औषधे सोसत नाहीत त्यांनी. तिने बोटांना मुंग्या येतात आणि रात्री वारंवार उठावे लागते, हेही आधीच ठाऊक असलेले बरे.

म्हणून या खेपेस आम्ही सहा दिवस घेतले आहेत. ज्यांना तंबूचे वावडे नाही त्यांनी लेमोशोच्या वाटेने सात-आठ दिवसांचा बेत करावा. पैसे जास्त लागतील, पण माथा गाठण्याची आशाही जास्त.

आता डॉक्टरांची गोष्ट. आपल्या बेटावर साखरेचा विकार घरोघरी आहे, तेव्हा हे लपवण्यात काय अर्थ? इन्सुलिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ते गोठले म्हणजे निकामी होते; रात्री ते अंगालगत, झोपण्याच्या पिशवीत ठेवावे. उंचीवर आणि थंडीत साखर मोजण्याचे यंत्रही चुकीचा आकडा दाखवू शकते. विमा उतरवताना कागद नीट वाचावा. पुष्कळ विमे ठरावीक उंचीपर्यंतच असतात. आपल्याला ६,००० मीटरांपर्यंतचा आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरलेला विमा हवा. आपल्याकडून किलिमांजारोच्या विमानतळाला जाताना वाटेत विमान बदलावे लागते. नैरोबीमार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराच्या लशीच्या दाखल्याची चौकशी तिकीट काढतानाच करावी, कारण तिथे किती तास थांबता यावरही पुष्कळ अवलंबून असते. लस टोचल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो. पायथ्याशी मोशी गावात डास आहेत आणि मलेरियाही आहे. परत आल्यावर आरोग्य खात्याच्या माणसाने विचारले तर खरे सांगावे.

वाटाड्याशिवाय डोंगरावर जाण्यास परवानगीच नाही, तेव्हा एखाद्या कंपनीमार्फत जाणे ओघाने आलेच. स्वस्त कंपनी का स्वस्त असते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. उद्यानाचे शुल्क सर्वांना सारखेच. काटछाट होते ती हमालांच्या मजुरीत आणि जेवणात. आमच्या सामानाचा एक हमाल फाटक्या कापडी बुटांत ४,७०० मीटरांपर्यंत आला होता. ज्या माणसांनी काकांना रात्री उतरवले त्यांपैकी तो एक. या वेळी आम्ही कंपनी ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारला की हमालांना रोज काय मिळते आणि ते कुठे झोपतात. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था कोणत्या कंपन्या हमालांना नीट वागवतात याची पाहणी करते आणि हमालांना गरम कपडे वापरण्यास देते. तिच्या यादीवरून निवड करावी. बक्षिसीचे पैसे घरूनच हिशेबात धरावेत. ती मेहरबानी नव्हे, तिथल्या रिवाजाप्रमाणे देणेच आहे.

चालण्याचा सराव मात्र आपल्या बेटावर फुकट होतो. ल पूसवर दर आठवड्यास जावे. १८३६ साली चार्ल्स डार्विनही तिथे चढून गेला होता. पेत्रेंहून माकाबेच्या वाटेने ब्लॅक रिव्हरच्या दरीत उतरून पुन्हा वर आलात तर गुडघ्यांची परीक्षा होते, आणि उतरणच गुडघे मोडते हे विसरू नये. ज्यांना जमेल त्यांनी शेजारच्या रेयुनियोंला जाऊन सिलाओसहून पितों दे नेझ चढावा. तो ३,००० मीटरांहून थोडा उंच आहे. पहाटे माथ्यावर बोटे कशी बधिर होतात ते तिथे कळते, आणि कोणाला उंची मानवत नाही याचाही थोडा अंदाज येतो.

सामानाकडे वळू. हमालाने एकंदर २० किलोंहून अधिक उचलू नये असा उद्यानाचा नियम आहे. त्यात त्याचे स्वतःचेही सामान आले, म्हणून आपल्या वाट्याला १५ किलोच धरावेत. चाकांची पेटी नको. मऊ, लांब पिशवी हवी, कारण ती डोक्यावरून जायची आहे. आत कपडे जलरोधक जाड पिशव्यांत घालावेत. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. बाजारातली पिशवी तशीच घेऊन जाऊ नये. डोंगरावर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत.

कपड्यांचे तत्त्व कांद्यासारखे : पापुद्र्यावर पापुद्रा. अंगालगत पातळ लोकर किंवा घाम सुकवणारे कापड, त्यावर उबदार थर, त्यावर पिसांचे जाकीट, सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारा अंगरखा आणि विजार. सुती बनियन आणि जीन घरी ठेवावी. सुती कापड एकदा भिजले म्हणजे तिथे वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. लोकर कुठे मिळणार, असे विचाराल तर आश्चर्य वाटेल. आपल्या बेटावरचे कारखाने युरोपच्या थंडीसाठी स्वेटर विणून पाठवतात, फ्लोरेआलचे नाव त्याबद्दल प्रसिद्ध आहे, आणि आपण मात्र क्युरपिपच्या पावसात एका पातळ जाकिटावर भागवतो! कारखान्यांच्या दुकानांत दोन स्वेटर स्वस्तात मिळून गेले. झोपण्याची पिशवी शून्याखाली १० अंशांना पुरेल अशी पाहिजे. ती तिकडे भाड्यानेही मिळते, काठ्याही मिळतात.

बूट मात्र भाड्याने घेऊ नयेत. घोट्यापर्यंतचे, अर्धा नंबर मोठे, आणि निदान दोन महिने वापरून पायाशी जमलेले असावेत. विमानात ते पायांतच घालावेत. बाकी सामान हरवले तर मोशीत भाड्याने मिळेल, पायाला सरावलेला बूट मिळणार नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी पायांची नखे कापावीत. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण आमच्या भाच्याच्या अंगठ्याचे नख उतरताना काळेनिळे पडून गळाले.

माथ्याची चढण मध्यरात्री सुरू होते. थंडी शून्याखाली दहा ते वीस अंश. त्या रात्रीसाठी डोक्याला बांधायचा दिवा, जादा बॅटऱ्या, दोन जोड्या हातमोजे, कानटोपी. बॅटऱ्या थंडीत लवकर मरतात, त्या खिशात अंगालगत ठेवाव्यात. नळीने प्यायची पाण्याची पिशवी असेल तर नळी गोठते. म्हणून बाटली मोज्यात गुंडाळून उलटी ठेवावी. बर्फ वरून धरतो, तेव्हा बूच मोकळे राहते. काळा चष्मा आणि ओठांचे मलम विसरू नये. उजाडल्यावर ऊन फार कडक लागते.

आजीने दिलेल्या करंज्या पहिल्या खेपेस मंडारापर्यंतच टिकल्या, कारण हमालांना आणि आम्हांलाही त्या फार आवडल्या. उंचावर तळलेले जात नाही. भाजलेले पिस्तास, तिळाचे लाडू, खजूर, आल्याच्या वड्या न्याव्यात. शाकाहारी असाल तर कंपनीला आधीच लिहून कळवावे. स्वयंपाकी चपाती उत्तम करतो; स्वाहिलीतही तिला चपाती आणि चहाला चाय म्हणतात. उपवास मात्र कोणी करू नये. वाटेवर दर चौथ्या पावलाला "पोले पोले", म्हणजे सावकाश, असे ऐकू येईल. ते शब्दशः घ्यावे.

जाण्याचा काळ जानेवारी ते मार्चचा आरंभ किंवा जून ते ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये पाऊस फार. आम्ही जुलैअखेर धरला, कारण मुलांना सुट्टी असते आणि गणपती बसण्यापूर्वी सर्वांना घरी पोहोचायचे असते.

पहिल्यांदा शिखर गाठणारे हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर १८८९ साली वर पोहोचले. मेयरचा तो तिसरा प्रयत्न होता. हे काकांना सांगितल्यापासून त्यांनी आमच्या सर्व पिशव्या तोलण्याचे काम स्वतःकडे घेतले आहे. आमची पिशवी १७ किलो भरली. त्यांनी तिच्यातून दोन विजारी, एक जाड पुस्तक आणि शॅम्पूची बाटली काढून बाजूला ठेवली. मग शेवटी काट्यावर आणखी एक लहान पिशवी आली, सहा किलोंची. ती कोणाची म्हणून विचारले तर म्हणाले, "माझी. फक्त मंडारापर्यंत. डॉक्टरांची चिठ्ठी आहे." काकूंना त्यांनी हे अजून सांगितलेले नाही. काकू हे पान दर आठवड्यास वाचतात.