गर्दी कोणाची आणि नळ कोणाचा?

आमची वस्ती मुंबईच्या पूर्व उपनगरात, डोंगराच्या उतारावर आहे. पहाटे साडेचारला पाणी येते आणि सहाला जाते. चौदा घरांचा मिळून एक नळ. या दीड तासात ज्याचे भरले त्याचे भरले, राहिले त्याने ड्रमवाल्याकडून विकत घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला सात-आठ कुटुंबे नवीन येऊन राहिली. त्यातली दोन जालन्याकडची, आपल्याच समाजातली. बाकीची उत्तर प्रदेश आणि बिहारकडची, नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करणारी. त्यांच्या बाया सर्वांचे भरून झाल्यावर हंडा घेऊन खाली येत आणि नळ गेलेला असला की तशाच रिकाम्या हाताने परत जात.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी वंदना झाल्यावर विहारातच बैठक बसली. विषय एकच, नवीन लोकांना नळावर येऊ द्यायचे की नाही. वस्तीतले एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. म्हणाले, "मुंबई भरली आता. आणखी माणसं आली तर आपलीच पोरं तहानेनं मरतील. ज्यांनी उशिरा यावं त्यांनी आपलं बघावं." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर मीही डोलावली. माझ्या घरी सहा माणसे आणि चार हंडे, मी काय वेगळे म्हणणार?

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक म्हातारी आजी बोलली. "भावजी, तुम्ही बहात्तरच्या दुष्काळात एक ट्रंक घेऊन उतरलात ना? कुर्ल्याच्या लोकांनी तेव्हा तुम्हाला पाणी दिलं नसतं तर?" भावजी चिडले. "तेव्हाची गोष्ट वेगळी होती," म्हणाले.

ती गोष्ट खरेच वेगळी होती का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जाईना.

मुंबई भरली, ही आरोळी नवी नाही. या शहरात मूळचे कोण, हे तरी पाहू. १९११ आणि १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत राहणाऱ्या शंभर माणसांत मुंबईतच जन्मलेली वीससुद्धा नव्हती. बाकी सगळे बाहेरून आलेले, त्यात रत्नागिरी जिल्ह्याचे सर्वांत जास्त. गिरण्या, गोदी, रेल्वे त्यांनीच चालवली. आपल्या बापजाद्यांनी गाव सोडले ते केवळ भाकरीसाठी नव्हे. गावात पाणवठा वेगळा, वाट वेगळी, येस्करकीची वेठ डोक्यावर. शहरात निदान नळाच्या तोटीला जात विचारण्याची सवय कमी होती. बाबासाहेबांनी गावाला कधी डोक्यावर घेतले नाही आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्यांबद्दल ते जे कठोर बोलले ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकरता स्थलांतर हा हौसेचा विषय नव्हता, ती सुटकेची वाट होती.

आता आकडे पाहू. बृहन्मुंबईची वस्ती १९६१ मध्ये ४१ लाख होती, १९७१ मध्ये जवळजवळ ६० लाख झाली. म्हणजे भावजी आले तेव्हा मुंबई खरोखर वेगाने फुगत होती. १९९१ मध्ये ९९ लाख. पण २००१ मध्ये १ कोटी १९ लाख ७८ हजार आणि २०११ मध्ये १ कोटी २४ लाख ४२ हजार. दहा वर्षांत चार टक्केसुद्धा वाढ नाही. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहराची वस्ती तर घटली, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. त्याच दहा वर्षांत जुना ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. माणसे दिवा, मुंब्रा, नालासोपारा, अंबरनाथकडे फेकली गेली. २०२१ ची खानेसुमारी करोनामुळे लांबली, त्यामुळे त्यानंतरचा पक्का आकडा हाती नाही. मात्र गर्दी सर्वांत मोठ्याने ओरडली जाते ती नेमकी मुंबईची वाढ मंदावल्यानंतरच्या काळात, हे ध्यानात घ्या.

मग पाणी का पुरत नाही? विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. पुढे मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. या सातांतून मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येते. पाटी-पेन्सिल घेऊन भागाकार करा. वस्ती दीड कोटी धरली तरी माणशी २६० लिटर होते. त्यातले एक तृतीयांश गळतीत आणि चोरीत गेले असे धरा, तरी १७० उरते. आता नियम ऐका. इमारतीत राहणाऱ्याला माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याला ४५ लिटर, असा हिशेब महापालिका वर्षानुवर्षे धरत आली. पाच माणसांच्या घराला २२५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे पंधरा हंडे. धुणे, भांडी, आंघोळ, संडास, स्वयंपाक सर्व त्यात. ड्रमवाल्याला देऊन आपण जे पाणी घेतो त्याचा लिटरचा भाव टॉवरमधल्या पाण्याच्या बिलापेक्षा किती पटीने चढा पडतो, हेही एकदा घरी मांडून पाहावे.

आणि आपल्यापेक्षा वाईट दशा कोणाची, तर शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांची. तानसा आणि भातसा त्यांच्या दाराशी. उन्हाळ्यात त्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

तरीही भावजींचे म्हणणे अगदीच खोटे म्हणून उडवून लावायला मी तयार नाही. डोंगराच्या कडेला आणखी झोपड्या चढल्या की पावसाळ्यात दरड कोसळण्याची भीती वाढते. संडास तेवढेच, रांग मोठी. शाळेत एका बाकावर चार पोरे. नवीन माणूस आला की जुन्याच्या मजुरीचा भाव पडतो, हे नाक्यावरच्या कोणालाही विचारा. गरिबावर बोजा पडतो हे खरेच आहे. माझा प्रश्न इतकाच की तो कमी करण्यासाठी पहिला दांडका नेहमी शेवटी आलेल्याच्याच पाठीत का?

सरकारने यावर तारखेचा तोडगा काढला. १९७६ मध्ये झोपड्यांची गणती झाली, फोटोपास आले. मग १९८५, मग १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, पुढे पैसे भरून २०११. तारखेच्या अलीकडचा पात्र, पलीकडचा अपात्र. ज्या वर्षी गणती झाली त्याच वर्षी, मे १९७६ मध्ये, मानखुर्दची जनता कॉलनी उठवून हजारो माणसे चिता कॅम्पला नेऊन टाकली. कागद हातात असूनही घर गेले. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने ऐन पावसाळ्यात फुटपाथवरची बिऱ्हाडे उचलून बसमध्ये घालून गावाकडे धाडायला सुरुवात केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटला तो हाच. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण पेढे वाटावेत असा तो निकाल नव्हता. फुटपाथ राहण्यासाठी नाही आणि रीतसर नोटीस देऊन हटवता येईल, असेही त्यातच लिहिले आहे.

देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला. बिहारचा मजूर मुंबईत येतो तो याच कलमाने, आणि आपला मुलगा बंगळूरला कामाला जातो तोही याच कलमाने. परदेशातून आलेल्याला हे कलम लागू नाही आणि सीमेवर कोण येतो ते पाहणे सरकारचे काम आहे, याबद्दल वाद नाही. पण ते पाहताना पकडला कोण जातो? जून २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या काही भारतीय मजुरांना महाराष्ट्रात पकडून बांगलादेशात ढकलण्यात आले आणि नंतर परत आणावे लागले. भाषा बंगाली, अंगावर मळके कपडे, एवढा पुरावा पुरला. कागद वेळेवर न सापडणे म्हणजे काय, हे फोटोपाससाठी खेटे घातलेल्या आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती बायांना लागली. "यांच्या घरी चार-चार पोरं, म्हणून पाणी पुरत नाही," असे एक तरुण बोलून गेला. लोकसंख्या वाढू नये हे बाबासाहेबांचेही मत होते, आणि तेही फार लवकर. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यांनी वाचलेले भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. त्यात गरिबीचा विचार होता, पण सर्वांत जास्त जोर होता आईच्या प्रकृतीवर. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर दुसऱ्या मुलाला तो तयार झाला नसता, अशा अर्थाचे वाक्य त्या सभागृहात ऐकवले गेले. ठराव पडला. त्याआधी १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्व्यांचा खटला बाबासाहेबांनीच लढवला होता. आणि २० जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या भगिनींना जास्त मुले होऊ देऊ नका असे समोरासमोर सांगितले.

पण साधने बाईच्या हाती देणे वेगळे आणि बाईला शिक्षा करणे वेगळे. १९७६ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्याला महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. राखीव जागेवर मोठ्या मुश्किलीने उभी राहिलेली आपली एखादी बहीण त्यात बाद होते. तिसरे मूल व्हावे की नाही हे घरात तिला कोणी विचारलेले असते का?

आणि मुले कमी झाली ती या धाकाने, असेही नाही. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुले १९९२-९३ मध्ये जवळजवळ तीन होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती १.७ वर आली. सासूला सहा, सुनेला दोन, हे चित्र आपल्याच गल्लीत दिसते. मुली शाळेत गेल्या, दवाखाना जवळ आला, जन्मलेले मूल जगेल याची खात्री वाटू लागली. बिहारमध्ये हा आकडा अजून तीन आहे, कारण तिथे या तिन्ही गोष्टी कमी आहेत. आंध्र प्रदेशाने तर २०२४ मध्ये दोन मुलांची अट काढून टाकली, तिथे आता मुले कमी पडण्याची काळजी सुरू झाली आहे.

बैठकीचे काय झाले? ठराव मताला टाकलाच नाही. आजीने भांडून वरच्या घरांसाठी शेवटची पंधरा मिनिटे राखून घेतली. जालन्याची ती सून आता पावणेसहाला रांगेत उभी असते आणि तिच्या मागे बिहारची बाई. मे २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' असे धोरण जाहीर केले आहे. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तारखेच्या पलीकडच्या झोपड्यांना पाणी द्यावे असे सांगितले होते. त्या आधारावर वरच्या घरांनी वेगळ्या नळाचा अर्ज भरला. अर्जासोबत जोडायचे कागद गोळा करायला तीन आठवडे लागले. दोघींकडे रेशनकार्ड गावाचेच आहे.

भावजींनी त्या दिवसापासून आजीशी बोलणे टाकले आहे. पण परवा नळाच्या जोडापाशी पाणी गळत होते, तेव्हा पहाटे अंधारात जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन ते बांधत बसलेले मी पाहिले. "रोज दोन-तीन हंडे नुसते वाया जातात," एवढेच बोलले.