बार लावणाऱ्याला कामावर घ्यावं का?

कामाचे कायदे : लेखांक 9

उन्हाळ्यात हळदीची आवक वाढली की वसमतच्या मोंढ्यात सकाळी हे हमखास दिसतं. ट्रकची ताडपत्री सुटायच्या आधी हमाल मंडळी पोत्यांच्या थप्पीला टेकून उकिडवी बसतात. एकाकडे पुडी, दुसऱ्याकडे चुन्याची डबी. तळहातावर अंगठा फिरतो, दोन थापा पडतात, चिमूट खालच्या ओठात जाते आणि मगच पहिलं पोतं पाठीवर चढतं. ओळखीच्या एका आडत्याला मी सहज विचारलं, "तंबाखू खाणाऱ्याला कामावर घ्यायचंच नाही, असं ठरवलं तर?" ते हसले. "मग पोती तुम्ही उचला, सर."

प्रश्न माझा नव्हता. एका वाचकाच्या मुलाला पुण्यात मुलाखतीत विचारलं, "सिगारेट ओढता का?" पोरगा खरं बोलला आणि पुन्हा फोन आला नाही. वडील विचारतात, असं करता येतं का?

सरळ उत्तर : खासगी मालकाला येतं. आपल्याकडे त्याला अडवणारा कायदा नाही. संविधानाचं सोळावं कलम धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ते सरकारी नोकरीपुरतं, आणि त्या यादीत व्यसन नाही. खासगी कंपनीने नाही म्हणायचं ठरवलं की कारणही सांगावं लागत नाही.

जगात बड्या संस्थांनीही हे केलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1 डिसेंबर 2005 पासून तंबाखू न सोडणाऱ्यांना नोकरी देणं थांबवलं. तंबाखूविरुद्ध मोहीम चालवणाऱ्यांचं हे धोरण मला समजतं. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिक या मोठ्या रुग्णालयाने 2007 मध्ये तोच मार्ग धरला आणि उमेदवारांची तपासणीच सुरू केली. पण त्याच देशात निम्म्याहून जास्त राज्यांनी धूम्रपान करणाऱ्या कामगारांना संरक्षण देणारे कायदे केले आहेत. ते व्हावेत म्हणून नागरी हक्कवाल्यांबरोबर सिगारेट कंपन्यांनीही जोर लावला होता, हे विसरायचं नाही. टोकियोच्या पियाला कंपनीने 2017 मध्ये वेगळाच तोडगा काढला : सिगारेटसाठी उठून न जाणाऱ्यांना वर्षाला सहा दिवसांची जादा रजा. मला तो शहाणपणाचा वाटतो, जरी आपल्या हजेरीवरच्या मजुराला रजा हा शब्दच परका असला तरी.

आपल्याकडे झारखंड सरकारने एप्रिल 2021 पासून कर्मचाऱ्यांकडून तंबाखू न खाण्याचं शपथपत्र मागायचं ठरवलं. महाराष्ट्रात असं शपथपत्र नाही, पण सरकारने नोकरी देताना घरात डोकावणं आपल्याला नवं नाही. 2005 च्या नियमांनुसार सरकारी नोकरीत जाणारा प्रत्येक जण 'लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र' भरतो. वसमतच्या झेरॉक्सच्या दुकानांत भरतीच्या दिवसांत त्याच्याच प्रती निघत असतात. दोनपेक्षा जास्त मुलं आहेत का, हे विचारता येतं, तर तोंडात काय आहे हे का नाही, असा युक्तिवाद उद्या कोणी केला तर नवल नाही.

त्याला उत्तर आपल्याच उच्च न्यायालयाच्या एका निकालात सापडतं. एका सार्वजनिक कंपनीत रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराला कायम करण्याआधी तपासलं, एचआयव्ही निघाला आणि त्याचं काम गेलं. माणूस धडधाकट होता. नाव उघड होऊ नये म्हणून खटला 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या अक्षरांनी चालला. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रश्न दोनच : हा माणूस हे काम करू शकतो का, आणि त्याच्यामुळे इतरांना खराखुरा धोका आहे का? पुढे 2017 च्या कायद्याने एचआयव्हीबाबत खासगी मालकांनाही बांधलं. तंबाखू म्हणजे एचआयव्ही नव्हे, मान्य. पुडी माणूस स्वतः विकत घेतो. पण कसोटी कामाला येते. साखर कारखान्यात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, डोंगराशेजारी विडी ओढणारा कामगार हा धोका आहेच. घरी ओसरीवर ओढणारा कोणाला धोका आहे?

आता आपल्या भागाकडे या. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ निघाले 3.8 टक्के. तोंडात तंबाखू ठेवणारे 24.4 टक्के. बायकांमध्ये हे प्रमाण साधारण सहांत एक. म्हणजे 'स्मोकर नको' ही पाटी पुण्यातल्या काचेच्या इमारतीत अर्थपूर्ण असेल. इथे ती लावली तर मोजके लोक गळतील. आणि 'तंबाखू नको' लावली तर पहिली गळेल ती पहाटे दातांना मिशरी लावणारी मावशी, जी हळकुंडं निवडायला येते. तिला कोणी व्यसनी म्हणतच नाही, ती स्वतःही म्हणत नाही.

तपासणीचा घोळ आणखी वेगळा. निकोटिनचं शरीरात कोटिनिन होतं आणि ते लघवीत काही दिवस सापडतं. ते विडीतून आलं, मिशरीतून की व्यसन सोडायला डॉक्टरांनी दिलेल्या निकोटिनच्या गोळीतून, हे ही चाचणी सांगत नाही. म्हणजे प्रामाणिकपणे सोडू पाहणारा नापास. मी स्वतः कॉलेजात असताना सुरू केलेली सिगारेट दोनदा सोडून तिसऱ्यांदा सुटली. मधल्या काळात माझी चाचणी कोणी घेतली असती तर मीही बाहेरच उभा राहिलो असतो.

मालकाला कायद्याने काही अधिकार दिलेत, ते पुरेसे आहेत. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपान थांबवण्याचा आदेश दिला. 2003 चा कायदा आणि 2008 चे नियम यांनी कामाची ठिकाणंही त्यात आणली. दंड 200 रुपयांपर्यंत. अन्नप्रक्रियेच्या जागी तर 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी ओढणं, चघळणं, थुंकणं, सगळंच बंद केलं आहे. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद दळणाऱ्या कारखान्याने याबाबत जराही ढिलाई करू नये. तिथे मी मालकाच्याच बाजूने आहे. कामाच्या आठ तासांवर, आवारावर, मालावर नियम लावा, मोडला तर हजेरी कापा. भरतीच्या दारात मात्र माणसाचं तोंड उघडायला लावू नका.

एका हळद कारखान्याच्या फाटकाशी भिंतीत एक लाकडी फळी ठोकलेली मी पाहिली. आत जाताना बाया डोक्याला टोपी बांधतात आणि आपापली डबी, पुडी त्या फळीवर ठेवतात. पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र आणि 1800-11-2356 हा सोडवणुकीचा फुकट नंबर छापलेला असतो. फोन कोणी करताना मला दिसलं नाही. सगळ्या डब्या एकसारख्या, कोणावरही नाव नाही. संध्याकाळी सुट्टी झाली की अंधारातही प्रत्येकीचा हात बरोबर आपल्याच डबीवर पडतो.