एकाच नावाची दोन पार्टिशन्स आणि प्रबंधातले आकडे

संशोधनाला लागलं की बरेच जण लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही टाकतात. टायपिंग विंडोजमध्ये, विश्लेषण उबुंटूमध्ये आणि डेटा दोघांना दिसेल अशा एका पार्टिशनवर. सोय चांगली आहे, पण नावांचा घोळ झाला तर तो थेट प्रबंधातल्या आकड्यांपर्यंत पोचतो.

समजा, तुम्ही परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सोयाबीनच्या प्रयोगाचं विश्लेषण करताय. लॅपटॉपमधल्या पार्टिशनचं लेबल ‘डेटा’, बॅकअपच्या हार्ड डिस्कचंही ‘डेटा’. विंडोजमध्ये एक डी ड्राइव्ह, दुसरी ई, त्यामुळे फरक दिसतो. उबुंटूत मात्र जे आधी माउंट होईल त्याला ‘डेटा’ नावाचं फोल्डर मिळतं, नंतरच्याला ‘डेटा१’. उद्या हार्ड डिस्क आधी उघडली की नावं उलटी! प्रोग्राममधला पाथ तोच, फाइलचं नाव तेच, पण वाचली जाते मागच्या हंगामाची प्रत. एरर येतच नाही. खरा धोका हाच.

मग एसडीए१, एसडीबी१ ही नावं वापरावीत का? नको. ती बसमधल्या जागेसारखी असतात: जो आधी चढला तो पुढे बसला. डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यानुसार लिनक्स ही नावं देतं, आणि पुढच्या वेळी क्रम तोच राहील याची खात्री नाही.

पार्टिशनची पक्की ओळख म्हणजे यूयूआयडी. फॉरमॅट करताना फाइलसिस्टिमला मिळणारा हा क्रमांक डिस्क कुठेही जोडली तरी बदलत नाही. म्हणून एवढं करा:

१. दोन्ही पार्टिशनना वेगळी लेबलं द्या.
२. टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ आदेश ‘-एफ’ पर्यायासह चालवून यूयूआयडी बघा.
३. ‘इटीसी’मधल्या ‘एफएसटॅब’ फाइलची प्रत काढून ठेवा. मग तिच्यात यूयूआयडी आणि माउंटचं ठरलेलं फोल्डर लिहा. ‘नोफेल’ पर्याय टाकला, तर डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू होतं.
४. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच पार्टिशन माउंट आहे का, हे तपासा. नसेल तर निकाल रिकाम्या फोल्डरात, म्हणजे उबुंटूच्याच पार्टिशनवर, लिहिले जातील.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली तर यूयूआयडीचीही प्रत होते. अशा दोन डिस्क एकाच वेळी जोडू नका. आणि विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद ठेवा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि उबुंटूत ते पार्टिशन फक्त वाचता येतं किंवा माउंटच होत नाही.

मार्गदर्शकांनी “हा आकडा कुठून आला?” असं विचारलं, तर कोणत्या डिस्कवरच्या कोणत्या फाइलमधून, हे छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे. पहिली फाइल साठवण्याआधीच हे काम उरकून घ्या.