कलम बांधणारे हात घडतात कुठे?

लासूर स्टेशनचा बाजार कांद्या-कापसाचा. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाली आणि शिवना नदीकाठचं जुनं लासूर बाजूला ठेवून स्थानकाभोवती गंगापूर तालुक्यातली ही पेठ वाढत गेली. परिसरात डाळिंब आणि मोसंबीही आहे. बाग लावायची तर रोपं विकत मिळतात, ठिबक मिळतं, कर्जही मिळतं. छाटणीला आणि कलम बांधायला मात्र जाणता माणूस शोधत फिरावं लागतं. दहावी-बारावी होऊन घरी बसलेल्या मुलांच्या गावात ही टंचाई असावी, हे खटकणारं आहे.

या टंचाईची मुळं १९९० मध्ये सापडतात. त्या वर्षी महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधापर्यंत अनुदानातून कलमं पोहोचू लागली. राज्यातलं फळबागांचं क्षेत्र पुढच्या काळात कित्येक पटींनी वाढलं. झाडं वाढली त्या वेगाने ती सांभाळणारे हात तयार झाले नाहीत. कोकणात कोय कलमाचं कसब घराघरांतून पुढे गेलं. मराठवाड्याला ते शिकून घ्यावं लागलं.

शिकण्याची जागा फार लांब नाही. लासूरहून सुमारे ४० किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरातल्या मोगलकालीन हिमायतबागेत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. भारत-इस्रायल सहकार्यातलं केसर आंब्याचं गुणवत्ता केंद्रही इथेच उभं राहिलं. केसर मूळचा सौराष्ट्रातला. जुनागढच्या नवाबाने १९३४ मध्ये त्याला हे नाव दिलं. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो असा रुजला की आता इथल्या केसरला भौगोलिक मानांकन आहे.

केसरचं मृदुकाष्ठ कलम बांधताना काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पिशवीतल्या गावठी रोपाला नवी तांबूस पालवी फुटलेली असते, तो खुंट. दुसरीकडे मातृवृक्षावर तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडायची आणि आठ-दहा दिवस आधी तिची पानं कापून देठ तेवढे ठेवायचे. देठ गळू लागले, टोकाचा डोळा फुगला, की काडी तयार. खुंटाचा शेंडा छाटून मधोमध उभा काप द्यायचा, काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी पाचर तासायची, ती कापात बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायची. सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूने तरी जुळला पाहिजे. हात थरथरला, काप वाकडा गेला, तर काडी आठवड्यात काळी पडते. जमलं तर दोन-तीन आठवड्यांत फूट दिसते. व्याख्यान ऐकून हे येत नाही. शेकडो काड्या वाया घालवण्याची मुभा ज्याला मिळते त्याला येतं.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना एक प्रश्न आधी विचारावा: इथे झाडापाशी किती महिने उभं राहायला मिळेल?

कृषी विज्ञान केंद्रांची काही दिवसांची शिबिरं ज्याची बाग आधीच उभी आहे त्याला उपयोगी पडतात. गांधेलीच्या एमजीएमचं केंद्र त्यासाठी जवळ आहे. तळेगाव दाभाड्याचं प्रशिक्षण केंद्र पॉलिहाउसमधल्या फुला-भाज्यांसाठी ओळखलं जातं. नवख्या मुलासाठी मात्र कृषी महाविद्यालयांतला वर्षभराचा माळी अभ्यासक्रम किंवा आयटीआयचा एक वर्षाचा उद्यानविद्येचा ट्रेड जास्त मोलाचा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने माळी प्रशिक्षणापासून फळबाग उत्पादनाच्या पदविकेपर्यंत शिक्षण मराठीत आणलं. दिवसा शेतात राबणाऱ्याला त्यासाठी शेत सोडून जावं लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

वर्षभराचा आग्रह धरायला कारण आहे. डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाड ताणावर सोडायचं, पानगळ झाली की छाटणी, मग खत आणि मग हलकं पहिलं पाणी. पुढे विरळणी, फळमाशी, तेल्या रोग. तेल्याचे जिवाणू कात्रीच्या पात्यावरून या झाडाचे त्या झाडावर जातात, म्हणून झाडागणिक कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायची. दमलेल्या माणसाकडून पहिली सुटते ती हीच गोष्ट. पाच दिवसांच्या वर्गात ती सांगता येते, अंगवळणी पडत नाही.

आणि दुष्काळ. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात जालना-संभाजीनगरकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. अशा वर्षी फळं काढून टाकणं, फांद्या हलक्या करणं, आळ्यात आच्छादन देणं यातून काही झाडं तगतात. पण कोणतं झाड वाचवायचं आणि कोणतं सोडायचं हे ठरवणारी नजर लागते. ती जुन्या बागायतदारांकडे आहे. प्रत्येक अभ्यासक्रमात अशा एखाद्याच्या बागेतला पूर्ण हंगाम सक्तीचा असायला हवा.

शिकून झालेल्यासमोर नोकरीच एक वाट नाही. नगरपालिका आणि संस्थांच्या उद्यानांत माळ्याची पदं निघतात, पण ती मोजकी. रोपवाटिका हा अधिक टिकाऊ धंदा. त्याला १९६९ च्या फळ रोपवाटिका नियमन कायद्यानुसार परवाना लागतो आणि खुंट व काडी कुठून आणली याची नोंद ठेवावी लागते. ही नोंद शेतकऱ्याचं संरक्षण आहे. मोसंबीचं कलम कोणत्या खुंटावर आहे, डोळा मातीपासून पुरेसा उंच भरला आहे का, यावर डिंक्या रोगापासून बचाव बराचसा अवलंबून असतो, आणि फसगत कळते ती चार-पाच वर्षांनी, झाड फळावर आल्यावर. लासूरच्या पेठेत खात्रीच्या मातृवृक्षांची, गावातल्याच मुलांनी चालवलेली एक रोपवाटिका उभी राहिली तर वैजापूर, गंगापूर, खुलताबादच्या बागायतदारांना कलमांची वंशावळ विचारायला लांब जावं लागणार नाही.