लेकीसोबत सायकलवर: वेंगुर्ल्यापासून दिवाडी बेटापर्यंत

मागच्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी सकाळी मी सायकलवरून पडलो. खरं तर पाडला गेलो. बेळगावहून हायवेने काकतीपर्यंत जाऊन परत येत होतो. मागून आलेल्या गाडीचा आरसा माझ्या कोपराला लागला आणि मी रस्त्याकडेच्या मातीत. गाडी थांबलीसुद्धा नाही. डाव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं. एका हाताने कोड लिहिणं काय असतं, ते तेव्हा कळलं.

आईने निकाल देऊन टाकला, "ती सायकल विकून टाक." बायको काही बोलली नाही, पण माझं हेल्मेट माळ्यावर गेलं. खरा प्रश्न होता आमच्या नऊ वर्षांच्या लेकीचा. तिला वाढदिवसाला गिअरची सायकल कबूल केली होती आणि माझ्याबरोबर लांब न्यायचंही वचन दिलं होतं. सायकल घेऊन दिली. पण ज्या रस्त्यावर मी स्वतः सुरक्षित नाही, तिथे तिला कसं न्यायचं?

वाट बाबांनी दाखवली. निवृत्त शिक्षक, सगळी नोकरी सायकलवरून केलेली. म्हणाले, "सायकल कशाला विकतोस? रस्ता बदल की."

रस्ता कसा शोधला

परदेशात जुन्या रेल्वेमार्गांवर किंवा कालव्याकाठी फक्त सायकलींसाठी लांबच लांब मार्ग केलेले असतात. आपल्या भागात तसे नाहीत. मग असे रस्ते आपणच जोडून घ्यावे लागतात. मी ते कामासारखंच हातात घेतलं आणि रोज रात्री नकाशा उघडून बसू लागलो.

आमच्या नेटवर्किंगमध्ये एक साधा नियम आहे: ट्रॅफिक नेहमी सगळ्यात स्वस्त मार्ग पकडतो. गाड्यांचंही तसंच. मोबाइलमधला नकाशा सगळ्यांना तोच वेगवान रस्ता दाखवतो आणि सगळे तिथेच गर्दी करतात. म्हणून मी उलटा शोध घेतला. गाडीवाल्याला कुठला रस्ता परवडत नाही? उत्तर सापडलं पाण्याशी. रस्ता जिथे खाडीवर संपतो आणि पुढे फेरीबोट घ्यावी लागते, तिथे लांब पल्ल्याची वाहनं सहसा येत नाहीत. उरतात ती गावातली माणसं, मासेवाल्या, शाळेची मुलं आणि एखादी एसटी.

बेळगावकरांना वेंगुर्लं नवीन नाही. ब्रिटिशांच्या काळात बेळगावच्या छावणीचा माल वेंगुर्ला बंदरात उतरून आंबोली घाटातून वर यायचा. माझी आत्याही वेंगुर्ल्यालाच असते. त्यामुळे सुरुवात तिथूनच करायचं ठरलं. डिसेंबरच्या सुट्टीत जीपच्या टपावर दोन सायकली बांधल्या आणि निघालो.

पहिला दिवस: वेंगुर्ला ते केरी

आत्येकडे मुक्काम करून सकाळी साडेसहाला निघालो. वेंगुर्ल्याहून मोचेमाड, आरवली, शिरोडा असा किनाऱ्याकाठचा रस्ता आहे. शिरोड्यापर्यंत साधारण २० किलोमीटर. रस्ता अरुंद आहे, आणि अरुंद असल्यामुळेच गाड्या हळू येतात. दोन्ही बाजूंना काजू, नारळ आणि जांभ्या दगडाचे गडगे.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोकणातला किनारा नकाशावर सपाट दिसतो, तसा तो नाही. एक खाडी ओलांडली की चढ, मग माळ, मग पुन्हा उतार. मोचेमाडच्या चढावर लेक सायकलवरून उतरली. मीही उतरलो आणि दोघं ढकलत निघालो. वर पोचल्यावर खाली शेतं, माडांची रांग आणि पलीकडे समुद्र दिसला. ती पाच मिनिटं गप्प उभी होती. आमच्या घरात हा विक्रम आहे. उतारावर मात्र मी तिच्या पुढे राहिलो आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत यायला लावलं. वळणावर बारीक खडी असते, तिथे एकच ब्रेक जोरात दाबला तर चाक घसरतं.

आरवलीला वेतोबाच्या देवळात थांबलो. या देवाला केळ्यांचे घड आणि मोठाल्या चामड्याच्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. लेकीचा प्रश्न, "मग देवाला सायकल का नाही देत?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. आरवली हे जयवंत दळवींचं गाव, शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते आणि शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. हे सगळं एका सकाळच्या सायकलफेरीत येतं. गाडीतून गेलो असतो तर यातल्या एकाही ठिकाणी थांबलो नसतो.

शिरोड्यात उसळपाव आणि चहा झाला. पुढे रेडी. बंदराच्या बाजूला मालाचे ट्रक असतात, तेवढ्या टप्प्यात लेकीला रस्त्याच्या आतल्या बाजूला ठेवून सावकाश गेलो. त्यानंतर तेरेखोलची वाट. हे गाव गोव्याचं, पण नदीच्या अलीकडे, महाराष्ट्राला चिकटलेलं. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला इथला किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. १९५४ मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. शेवटच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये आम्हाला फक्त दोन स्कूटर भेटल्या.

किल्ल्याखाली धक्का आहे आणि पलीकडे केरी. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि फेरी थांबलेली. तासभर धक्क्यावर बसून राहिलो. गंमत म्हणजे आमची जीप तोपर्यंत आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून नदी ओलांडून केरीला पोचलीसुद्धा होती. पूल आत आहे, म्हणून गाड्या तिकडून जातात. म्हणूनच धक्क्याकडचा हा रस्ता मोकळा राहिला आहे. माझं गणित तिथे डोळ्यांसमोर सिद्ध झालं.

केरीच्या सुरूच्या बनात लेकीने मीटर बघितला, ३० किलोमीटरच्या आसपास. लगेच आजीला फोन लावला. पलीकडून आई एवढंच म्हणाली, "पाणी पी आधी."

दुसरा दिवस: चोडण आणि दिवाडी

केरीच्या पुढे हरमल, मोरजीकडे पर्यटकांच्या गाड्यांची गर्दी असते. तिथे आम्ही हट्ट केला नाही. सायकली पुन्हा टपावर टाकल्या आणि पणजीला मुक्काम केला.

सकाळी रायबंदरहून फेरीने चोडणला उतरलो. धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ मध्ये घोषित झालेलं. सायकली बाहेर ठेवून खारफुटीत पायी फिरलो. चिखलात उड्या मारणारे छोटे मासे बघून लेक पक्ष्यांना विसरली. मग बेटावरच्या वाड्यांमधून दोन तास रमतगमत सायकल चालवली, परत रायबंदरला आलो आणि तिथूनच दिवाडीची फेरी धरली.

दिवाडी हा या सहलीतला सगळ्यात सोपा आणि सुंदर भाग. धक्क्यापासून गावाकडे जाणारा रस्ता खाजन शेतांमधून जातो. खाजन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन. बांधात 'मानस' नावाची दारं असतात. भरतीचं पाणी आत शिरायला लागलं की ती दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. ना मोटर, ना सेन्सर. पावसाळ्यात भात, नंतर मासळी. जमीन सपाट असल्यामुळे लहान मुलांना अजिबात दम लागत नाही. चढ फक्त पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत.

बेटाच्या उत्तरेकडून आणखी एक फेरी नार्व्याला जाते. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं दिवाडीचं. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवाने जी नदी ओलांडली तीच आम्ही सायकली घेऊन ओलांडली, हे लेकीला फार आवडलं.

फेरीवर ऐकलेली दुसरी बाजू

परतीच्या फेरीवर एक मावशी शेजारी उभ्या होत्या, हातात दवाखान्याची फाईल. मी उत्साहाने म्हटलं, "किती शांत आहे हो तुमचं बेट!" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला शांत वाटतं. रात्री घरात कुणाच्या छातीत दुखायला लागलं की आम्ही आधी फेरी आहे का ते बघतो."

मला उत्तर सुचलं नाही. ज्या पाण्यामुळे माझ्या लेकीला मोकळा रस्ता मिळाला, त्याच पाण्यापाशी त्यांना रात्री थांबावं लागतं. महाराष्ट्रातही रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल होत आहेत. पूल नकोत असं सुट्टीपुरतं येणाऱ्या मी म्हणणं बरोबर नाही.

पण एक मागणी आपण सगळे करू शकतो. पूल करताना पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी कठड्याने वेगळी केलेली पट्टी पहिल्या आराखड्यातच धरा. सॉफ्टवेअरमध्ये जी गोष्ट सुरुवातीला विसरली, ती नंतर घालायला कित्येक पट खर्च येतो. पुलाचंही तेच. अशी पट्टी असेल तर मावशींना रात्रीची गाडी मिळेल आणि शाळकरी मुलांना सायकलही चालवता येईल.

जायचं असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी साडेसहा ते दहा एवढंच चालवा. मुलांबरोबर पहिल्यांदा जात असाल तर दिवाडीपासून सुरुवात करा, वेंगुर्ला-तेरेखोल नंतर. फेरीच्या वेळा आणि ओहोटी आदल्या दिवशी स्थानिक माणसांना विचारून घ्या. पंक्चरचं सामान, पंप आणि एक जादा ट्यूब बरोबर ठेवा, वाटेत सायकलचं दुकान मिळेलच असं नाही. लहान मूल दोन मोठ्यांच्या मधे असू द्या. आमच्याकडे दुसरं मोठं माणूस नव्हतं, म्हणून सपाटीवर मी मागे आणि उतारावर पुढे राहिलो. पुढच्या वेळी बायको येणार आहे. तिची सायकल बाबा सध्या अंगणात दुरुस्त करत आहेत.

बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या मंडळींनो, तुमच्या गावाजवळही नदीकाठची, कालव्याकाठची, धरणाकडे जाऊन संपणारी अशी एखादी वाट असेलच. ती मंडळाकडे जरूर कळवा. मे महिन्याची सुट्टी जवळ येते आहे आणि आमच्या घरी "आता कुठे?" हा प्रश्न रोज जेवताना विचारला जातो.