कॉल साइनमागचे अक्षर : हौशी रेडिओतील नियम आणि रूढी

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, चालवणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाला शासनाकडून एक कॉल साइन मिळते आणि जगभरातील हॅम त्याला नावाआधी तिच्यावरूनच ओळखतात. भारतात सामान्य श्रेणीच्या परवानाधारकाची कॉल साइन 'व्हीयू२' ने, तर मर्यादित श्रेणीतील परवानाधारकाची 'व्हीयू३' ने सुरू होते आणि पुढची अक्षरे ही त्याची स्वतःची खूण असते. ही मूळ ओळख मनाप्रमाणे बदलता येत नाही. मात्र तिच्यानंतर तिरपी रेघ देऊन केंद्राची तात्पुरती स्थिती सांगणारे अक्षर जोडण्याची रूढी जगभर आहे.

अशा जोडीची गरज बीड जिल्ह्याच्या भूरचनेवरून चांगली समजते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे गोदाकाठच्या सखल प्रदेशापेक्षा बालाघाटाच्या माथ्यावरून त्या बऱ्याच दूर पोचतात. परवान्यावर मात्र केंद्राचा ठराविक पत्ता नोंदलेला असतो. म्हणून माजलगावचा एखादा हॅम बॅटरीवर चालणारा संच घेऊन डोंगरावरून बोलू लागला, तर तो कॉल साइनला '/पी', म्हणजे पोर्टेबल, जोडतो. वाहनातून बोलताना '/एम', जहाजावरून '/एमएम' आणि विमानातून '/एएम' लावले जाते. अर्थात '/पी' मुळे केंद्र हलले आहे एवढेच कळते, ते कोठे आहे हे कळत नाही. त्यासाठी अक्षांश-रेखांशांवर आधारलेला चौकटींचा संकेत वेगळा सांगतात. त्यानुसार पाटोदा 'एमके७८' मध्ये, तर अंबाजोगाई 'एमके८८' मध्ये येते.

जोड कोठे लावली, यालाही महत्त्व आहे. 'एमएम' ही अक्षरे कॉल साइनच्या आधी आली तर केंद्र स्कॉटलंडमध्ये आहे असा अर्थ होतो, नंतर आली तर ते समुद्रावर असते. अशा गोंधळामुळेच अमेरिकेच्या नियमांत स्वतःहून लावलेली जोड दुसऱ्या देशाच्या आद्याक्षरांशी जुळता कामा नये, असे बंधन घातले आहे. पाच वॉटपर्यंतच्या अल्प शक्तीसाठी '/क्यूआरपी' लावणे ही निव्वळ हौसेची प्रथा आहे. लांब जोड संगणकीय प्रक्षेपणातही अडचणीची ठरते : 'एफटी८' पद्धतीत एका संदेशाला ७७ बिटच मिळतात, आणि त्यात '/पी' सहज बसते, पण लांबलचक जोड बसवताना चौकटीचा संकेत गाळावा लागतो.

दूरच्या बेटांसाठी भारताने जोडीऐवजी स्वतंत्र आद्याक्षरे ठेवली आहेत. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांनी पोर्ट ब्लेअरहून मोहीम चालवली, तेव्हा त्यांची 'व्हीयू२आरबीआय' ही कॉल साइन तेथे 'व्हीयू४आरबीआय' झाली. २६ डिसेंबरच्या त्सुनामीनंतर त्याच कॉल साइनवरून बेटांवरील माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचली.

बीडच्या शेजारच्या लातूर-उस्मानाबाद भागात ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपानंतरही हॅम मदतीला धावले होते. अशा वेळी कोणते केंद्र घरून बोलते आणि कोणते प्रत्यक्ष आपत्तीच्या जागेवरून, हे ऐकणाऱ्याला ताबडतोब कळणे अत्यावश्यक असते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार थोड्या थोड्या वेळाने मूळ कॉल साइन स्पष्ट सांगावी, जोड खरी आणि मोजकीच लावावी, आणि परवान्यानुसार स्थलांतरासाठी लागणारी परवानगी आधीच घ्यावी. कारण कोणतीही जोड त्या परवानगीची जागा घेऊ शकत नाही.